पाटी आपली, पाठ कोणाचा?

॥ ॐ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥



गेल्या श्रावणात कमठाण्यास सायंकाळचे वचनचिंतन आटोपल्यावर एक तरुण मागे थांबला. मुलगा आपल्याच भागातला, पुण्यास एका संगणक कंपनीत नोकरीला आहे. सगळे उठून गेल्यावर तो जवळ येऊन बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "अप्पाजी, एक चूक झाली आहे. कचेरीत एकाने माझ्या गळ्यातील डबी पाहून विचारले, हे काय? मला सांगता आले नाही. 'घरच्यांनी दिलेला ताईत आहे' असे सांगून मोकळा झालो. त्या रात्री लिंग काढून कपाटात ठेवले. अजून तिथेच आहे."

आम्ही त्याला रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार आम्हांस होता की नाही, याचीच शंका आली. कारण लगेच तो म्हणाला, "मी लहान असताना तुम्ही भाषणात सांगायचा, बसवण्णा म्हणजे कर्नाटकाचे मार्टिन ल्यूथर. ते मी त्या मित्राला सांगितले. तो म्हणाला, 'म्हणजे तुम्ही मूर्तिपूजा मानत नाही ना? मग गळ्यातल्या दगडाची पूजा कशी करता?' त्यावर मी गप्प झालो."

ते वाक्य आमचेच होते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अनेक सभांतून आम्ही ते मोठ्या अभिमानाने बोललो होतो आणि लोकांनी टाळ्या वाजविल्या होत्या. ती उधारीची उपमा एका मुलाच्या गळ्यातील लिंग उतरवून गेली. म्हणून या महिन्याचा पाठ प्रथम आमच्यासाठी आहे, नंतर आपल्यासाठी.

उपमा कोठून आली?

एकोणिसाव्या शतकात युरोपियन पंडित व मिशनरी आपल्या धर्माविषयी लिहू लागले. फ्रेंच पाद्री आबे द्युबुआ यांना लिंगात अश्लीलतेखेरीज काही दिसले नाही. चार्ल्स फिलिप ब्राउन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४० साली जंगमांचा आचार व वाङ्मय यांवर दीर्घ निबंध लिहिला. पुढे मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९१६-१७ साली हिंदुस्थानातील धर्मांवर लिहिताना लिंगायतांकडे ब्राह्मण्याविरुद्धची एक प्रकारची 'प्रोटेस्टंट' प्रतिक्रिया म्हणून पाहिले. वेबर कधी भारतात आले नव्हते. आणि १९७३ साली ए. के. रामानुजन यांनी इंग्रजीत वचनांचे जे सुंदर भाषांतर जगापुढे ठेवले, त्याच्या प्रस्तावनेतही युरोपातील प्रोटेस्टंट चळवळीशी तुलना आहे.

या सर्वांची बुद्धी मोठी होती आणि काहींचे आपल्यावर उपकारही आहेत. परंतु प्रत्येक मनुष्य अनोळखी वस्तू आपल्या घरातील मापाने मोजतो. त्यांच्या घरात एक मोठे भांडण झाले होते. एकीकडे चर्च, पुरोहित, मूर्ती व कर्मकांड, आणि दुसरीकडे केवळ अंतःकरणातील श्रद्धा. त्या भांडणातून त्यांची समजूत बनली की बाहेरचा आचार हा खालच्या पायरीचा आणि मनातील विश्वास हाच खरा धर्म. हे माप त्यांनी आपल्याला लावले आणि आपणही ते पदवी मिळाल्याच्या आनंदाने स्वीकारले.

ल्यूथरचे आंदोलन १५१७ साली सुरू झाले. बसवण्णा बाराव्या शतकातले. साडेतीनशे वर्षे आधीच्या पुरुषाची ओळख नंतरच्या पुरुषाच्या नावाने करून द्यावी, हा कोठला न्याय? आजोबांना नातवाच्या नावाने हाक मारण्यासारखेच हे झाले.

देहाचे देऊळ

बसवण्णांच्या एका वचनाचा आशय लहान मुलांनाही ठाऊक आहे. धनवान देवळे बांधतात, मी गरीब काय बांधणार, माझा देहच देऊळ, आणि स्थावराला नाश आहे, जंगमाला नाही, असा त्याचा भाव. हे वचन वाचून पुष्कळांना वाटते की बसवण्णांनी बाह्य पूजा टाकून केवळ आंतरिक श्रद्धा घेतली. मग प्रश्न उरतो की ज्यांनी हे वचन सांगितले त्यांच्याच तळहातावर नित्य लिंग का होते? पादोदक, प्रसाद, विभूती, रुद्राक्ष यांचे अष्टावरण त्यांनी का जपले? जंगमाला घास दिल्याखेरीज ते का जेवत नसत?

उत्तर त्या वचनातच आहे. बसवण्णांनी पूजा टाकली नाही, तिची जागा बदलली. दगडाच्या इमारतीतून ती देहात आणली. पायांना खांब, मस्तकाला कळस म्हटल्यावर देह हलका होत नाही, उलट पवित्र होतो. युरोपच्या भांडणात देह व आत्मा, आचार व श्रद्धा एकमेकांसमोर उभे ठाकले होते. येथे ते एकाच आसनावर बसले आहेत. देवळात पुजारी मध्ये असतो, करस्थलावर कोणी मध्ये नसतो. पूजा मात्र असतेच.

इष्टलिंगाचेही तसेच. गुरू शिष्याच्या मस्तकावर हात ठेवतो आणि त्याच्यातीलच चैतन्य लिंगरूपाने त्याच्या तळहातावर ठेवतो, अशी आपली धारणा आहे. यालाच हस्तमस्तकसंयोग म्हणतात. म्हणजे लिंग ही बाहेरून आणलेली देवतामूर्ती नव्हे. ते साधकाचे स्वतःचे चैतन्य आहे, डोळ्यांपुढे धरलेले. स्थूल देहाला इष्टलिंग, सूक्ष्म देहाला प्राणलिंग, कारण देहाला भावलिंग. तळहातावरून प्राणात आणि प्राणातून भावात, असा हा प्रवास आहे. 'ही मूर्तिपूजा की निराकार उपासना?' या प्रश्नाला येथे जागाच राहत नाही, कारण प्रश्न दुसऱ्या घरचा आहे. साकाराला धरून निराकारात जाणे हा आपला मार्ग आहे. शिडीचा पाय भुईवर असतो म्हणून शिडीला कोणी भुई म्हणत नाही.

त्या मुलाला हे समजावल्यावर तो हसून म्हणाला, "अप्पाजी, मी रोज मोबाइलवर दहा मिनिटे ध्यान करतो. त्यात एका ठिपक्याकडे पाहायला सांगतात." आम्ही म्हटले, "बाळ, तो ठिपका तुझ्या कपाटात आहे. त्याला तुझ्या गुरूचा हात लागलेला आहे, एवढाच फरक."

कायक म्हणजे काय नव्हे

दुसरी उधारी याहून सूक्ष्म आहे. 'कायक हाच कैलास' या सिद्धांताचे इंग्रजी भाषांतर 'वर्क इज वर्शिप' असे आपण करतो. शाळांच्या भिंतींवर, लग्नपत्रिकांवर, दिनदर्शिकांवर ते छापतो. त्या तरुणाने सांगितले की त्याच्या कंपनीच्या भिंतीवरही हेच वाक्य आहे, आणि त्याच भिंतीखाली तो बारा-बारा तास बसतो.

वेबर यांनी १९०४-०५ साली एक प्रसिद्ध प्रबंध लिहिला. युरोपातील काही प्रोटेस्टंट पंथीयांना वाटे की व्यवसायातील यश ही ईश्वरी कृपेची खूण आहे. म्हणून त्यांनी कष्ट केले, चैन टाळली, पैसा साठविला, साठलेला पुन्हा धंद्यात घातला, आणि त्या वृत्तीचा भांडवलशाहीच्या वाढीला हातभार लागला, असे त्या प्रबंधाचे सार. आता आपल्या शरणांकडे पाहा.

आयदक्की मारय्या कल्याणच्या वाटेवर, अंगणात सांडलेले तांदूळ वेचीत. तेच त्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. पत्नी लक्कम्मांनी ते पाहिले आणि जास्तीचे जेथून आणले तेथेच टाकून येण्यास सांगितले. जास्त आणणे ही आशा आहे, आशा राजाला शोभेल, शिवभक्ताला नव्हे, असा त्यांच्या सांगण्याचा भाव होता. मारय्या मुकाट्याने परत गेले.

वेबरच्या गोष्टीतील गृहस्थाने ते तांदूळ साठवून दुकान घातले असते. लक्कम्मांनी ते परत टाकावयास लावले. दोघेही कष्टाळू, दोघेही साधे, परंतु दिशा अगदी उलट. कायकाला तीन अंगे आहेत. काम शुद्ध हवे. मिळकत गरजेपुरती हवी. आणि जे येईल त्याचा दासोह व्हावयास हवा. यांतील दुसरे व तिसरे अंग कापून टाकले की 'वर्क इज वर्शिप' उरते, आणि ते मालकाच्या भिंतीवर फार शोभून दिसते. कायकात 'पुरे' म्हणण्याचे धैर्य आहे.

केवळ कामानेही भागत नाही, हे अल्लमप्रभूंनी सोन्नलगीच्या सिद्धरामांना शिकविले. आजचे सोलापूर तेच सोन्नलगी. सिद्धरामांनी तेथे तळे खोदविले, देऊळ उभारले, हजारोंच्या हाताला काम दिले. आजच्या भाषेत त्याहून मोठी समाजसेवा कोणती? तरीही शून्यसंपादनेत कथा येते की अल्लमांनी तेथे जाऊन त्यांना विचारात पाडले, कारण 'मी बांधतो' हा भाव अजून शिल्लक होता. मग ते कल्याणला आले आणि चन्नबसवण्णांकडून त्यांना इष्टलिंग लाभले. म्हणून मठाने शाळा काढली, वसतिगृह चालविले, एवढ्यावरून मठाचे मोल ठरवू नये. ही कामे झालीच पाहिजेत. परंतु धर्माने आपल्या अस्तित्वाचा परवाना केवळ उपयुक्ततेच्या कचेरीतून मिळवावा, हीसुद्धा बाहेरून आलेलीच समजूत आहे.

अनुभवमंटप आणि संसद

तिसरे उदाहरण आपल्या अगदी दाराशी आहे. बसवकल्याणचा अनुभवमंटप ही जगातील पहिली संसद, असे आपण नेहमी म्हणतो. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी बसवण्णांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा आम्हांलाही आनंद वाटला. परंतु मनात एक प्रश्न आला. संसदेचे नाव घेतल्याशिवाय मंटपाची थोरवी आपल्यालाच पटत नाही काय?

संसद ही मोठी संस्था आहे आणि लोकशाही प्राणपणाने जपली पाहिजे. पण संसदेत डोकी मोजतात, मंटपात अनुभव तोलला जाई. शून्यसिंहासनावर अल्लमप्रभू बसत, भोवती मडिवाळ, अंबिगर, मेदार, ढोर, मादार अशा सर्व कायकांचे शरण असत. तीसहून अधिक स्त्रियांची वचने आज आपल्याजवळ आहेत. अक्कमहादेवी आल्या तेव्हा त्यांना कोणी मत दिले नाही. अल्लमांनी कठोर प्रश्न विचारले, त्यांनी स्वतःच्या अनुभवातून उत्तरे दिली, आणि वयाने वडील असलेल्या शरणांनी त्यांच्यापुढे माथा नमविला. बहुमत ज्याच्या बाजूला ते खरे, असे तेथे नव्हते. एकटी बाई खरी असेल तर सगळी सभा तिच्याकडे वळे. या सभेला 'अनुभवमंटप' हेच नाव पुरेसे आहे.

२०२१ साली बसवकल्याणात नव्या भव्य अनुभवमंटपाची पायाभरणी झाली. इमारत उभी राहावी. पण आपल्या गावच्या मठात महिन्यातून एकदा पंधरा माणसे बसून एकमेकांना खरे प्रश्न विचारीत नसतील, तर बसवण्णांच्याच शब्दांत ते स्थावर ठरेल.

आपलेसे करणे म्हणजे काय?

आता कोणी म्हणेल, "स्वामीजी, मग पाश्चात्त्यांचे सगळे टाकून द्यावे काय?" असे म्हणणे कृतघ्नपणा होईल. डॉ. फ. गु. हळकट्टी विजापूरचे वकील, इंग्रजी विद्या शिकलेले. गावोगाव हिंडून त्यांनी ताडपत्रे गोळा केली, १९२३ साली 'वचनशास्त्रसार' प्रसिद्ध केले, आणि राहते घर विकून छापखाना घातला. छापखाना हे पाश्चात्त्य साधन, त्यातून आलेले धन मात्र आपले. कन्नडचा मोठा कोश १८९४ साली रचणारे किटेल हे मिशनरी होते. उत्तंगी चन्नप्पा तर ख्रिस्ती धर्मोपदेशक, तरी सर्वज्ञाची वचने त्यांनी आयुष्य घालून संपादिली आणि वचनवाङ्मयाचाही भक्तिभावाने अभ्यास केला. भेद माणसांचा किंवा साधनांचा नाही, मापाचा आहे. बाहेरचा दिवा आणावा, परंतु त्या उजेडात आपलेच घर पाहावे.

उलट, जे जुने ते सारे आपले, असेही नाही. हल्ली 'आपली संस्कृती परत आणा' या घोषणेखाली काही जण पोटजातीचा अभिमानही परत आणू पाहतात. सोयरीक जुळविताना पहिला प्रश्न पोटजातीचाच निघतो. हरळय्या आणि मधुवरस यांनी आपल्या मुलामुलीचा विवाह ठरविला म्हणून त्यांना कल्याणात प्राण द्यावे लागले. त्या कल्याणच्या मातीत राहून आपण पोटजात विचारीत असू, तर आपण परंपरेचे वारस नव्हे, मारेकऱ्यांचे वारस ठरू. जंगम हा जन्माने ठरतो असे मानणाऱ्या मठांनीही, आमच्यासह, येथे आरशात पाहावे. बसवण्णांनी कोवळ्या वयात घरच्या परंपरेलाच प्रश्न विचारला होता. म्हणून चाळण एकच. जो आचार गुरु-लिंग-जंगमाकडे नेतो व माणसामाणसांतील अंतर मिटवितो तो आपला. जो अहंकार वाढवितो तो कितीही जुना असो, आपला नव्हे.

मराठी बोलणाऱ्या शिवभक्तांना तर या कामी मोठा वारसा आहे. निजगुण शिवयोगींची कन्नड 'विवेकचिंतामणी' शांतलिंग स्वामींनी मराठीत आणली. कपिलधारच्या मन्मथस्वामींनी 'परमरहस्य' मराठी ओवीत सांगितले, आणि आजही घरोघरी त्याचे पारायण होते. कन्नडचे तत्त्व मराठीत आणताना त्यांना मध्ये तिसऱ्या भाषेची गरज वाटली नाही. आज मात्र आमची मुले वचनाचा अर्थ इंग्रजीतून घेऊन मग मराठीत सांगतात. शेजारच्या विहिरीचे पाणी विलायतेहून मागविण्यासारखे हे आहे.

शेवटी आपल्या भालकीची एक गोष्ट सांगतो. निजामी राजवटीत, १९४८ पूर्वी, शिक्षणाची व कारभाराची भाषा उर्दू होती. भालकी हिरेमठाचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरु (१८९०-१९९९) यांनी शाळेबाहेर उर्दूची पाटी लावली आणि आत मुलांना कन्नड शिकविले. पाटी परकी होती, पाठ आपला होता. आज आम्हांला भीती वाटते ती उलट गोष्टीची. आज पाटी आपली आहे. बसवेश्वर चौक, बसव जयंती, बसव भवन, सर्वत्र आपलेच नाव आहे. पण आत शिकविला जाणारा पाठ कोणाचा आहे? आपण धर्माची थोरवी ल्यूथर, संसद आणि 'वर्क इज वर्शिप' यांच्या आधाराने सांगत असू, तर पाटी बदलली, शाळा दुसऱ्याचीच राहिली.

त्या तरुणाशी बोलणे चालले असता पलीकडे प्रसादाची भांडी आवरीत एक वृद्ध माता बसल्या होत्या. अक्षरओळख नाही, परंतु लिंगपूजेवाचून त्यांनी कधी पाणी घेतले नाही. तो मुलगा पुन्हा म्हणाला, "पण आज्जी, कोणी विचारले तर सांगायचे काय?" त्या म्हणाल्या, "सांगायचं काय त्याला? आधी घरी जेवायला बोलीव. तू लिंगाला दाखवून मग घास घेशील, ते त्यो बघंल की. मग इचारंल तेव्हा सांग."

आम्ही दोन तास जे समजावीत होतो ते त्या माउलीने दासोहात बसवून दिले. मुलगा दुसऱ्या दिवशी पुण्यास गेला. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. शिवदोरा नवा घातला होता. मित्राला अजून जेवायला बोलाविलेले नव्हते, पण बोलावणार होता.

या महिन्याचा अभ्यास

१. रोज सकाळी दहा मिनिटे, मोबाइल दूर ठेवून, करस्थलावर लिंग घेऊन दृष्टी स्थिर करावी. पूजेनंतर कोणाशी बोलण्यापूर्वी थोडा वेळ शांत बसावे.

२. आठवड्यातून एक दिवस आपल्या मिळकतीचा व कामाच्या तासांचा विचार करावा. लक्कम्मा आपल्या घरी असत्या तर काय परत टाकावयास सांगितले असते, हे घरात सर्वांनी मिळून ठरवावे.

३. मठात जमल्यावर पुढील प्रश्नावर प्रत्येकाने स्वतःच्या अनुभवातून बोलावे, ऐकलेले सांगू नये. 'माझ्या धर्माविषयी मी इतरांना जे सांगतो, त्यातले माझ्या आचारात किती आहे आणि उधारीचे किती?'

सर्वांना शरणु शरणार्थी.